पत्त्यातील एक ओळ

या स्मरणिकेच्या अखेरीस माजी विद्यार्थ्यांची नामावली दिलेली आहे. ती सिद्ध करण्यासाठी आम्ही प्रत्येकाकडे एक साधा छापील अर्ज पाठविला होता. नाव, दहावी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, सध्याचा व्यवसाय, सध्याचा पत्ता आणि मूळ गावचा कायमचा पत्ता, एवढेच रकाने त्यात होते. अर्ज परत येऊ लागले तेव्हा शेवटच्या रकान्याकडे आमचे लक्ष वेधले गेले. काहींनी तो कोरा ठेवला होता. काहींनी गाव, तालुका, जिल्हा एवढे लिहून वस्तीचे नाव गाळले होते. एका अर्जावर 'घरकुल वसाहत' हे दोन शब्द आधी लिहून मग इतक्या जोराने खोडले होते की तेथे कागद फाटला होता.

आम्ही त्या विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. तो आज शासकीय सेवेत चांगल्या पदावर आहे, शहरात स्वतःची सदनिका आहे. तो म्हणाला, "सर, गावाचं नाव दिलंय ना, तेवढं पुरे. वस्तीचं कशाला? ही स्मरणिका माझ्या कार्यालयात जाईल, सोसायटीत जाईल. मुलंही वाचतील." त्याला आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे सुचलेही नाही. परंतु आम्हांला आठवत होते ते निराळेच. तो आठवीत असताना त्याच्या आईच्या नावाने घरकुल मंजूर झाले होते. ती बातमी घेऊन त्याचे वडील वसतिगृहावर आले, तेव्हा हा मुलगा जेवणाच्या पंगतीत उठून उभा राहिला होता आणि 'आमचं घर स्लॅबचं होणार' असे त्याने सगळ्यांना ओरडून सांगितले होते. ज्या घराची वार्ता त्याने एकदा सर्वांना आनंदाने सांगितली, तेच घर आज त्याला पत्त्यातून खोडावेसे वाटते. मधल्या वर्षांत त्या घराने काही वाईट केले नाही. मग झाले काय, याचा विचार करण्यासाठी हे टिपण.

घरकुल हा मराठीतील मायेचा शब्द आहे. लहानसे, आपल्या माणसांचे घर असा त्याचा अर्थ. पुण्या-मुंबईकडच्या जुन्या बंगल्यांच्या फाटकांवर तो हौसेने कोरलेला दिसतो आणि तेथे तो कोणाला लाजवीत नाही. आमच्या जालना जिल्ह्यात मात्र तो आता दिशा दाखविण्याचा शब्द झाला आहे. गावात शिरताना कोणाचे घर विचारावे, तर पारावरचा माणूस हात लांब करून सांगतो, "ते काय, घरकुलाकडं." शाळेत 'घरकुलाची पोरं' असतात. ग्रामपंचायतीत 'घरकुलवाले' असतात. नळाचे पाणी त्यांच्याकडे शेवटी पोहोचते आणि गावात चोरी झाली की चौकशी त्यांच्याकडे आधी पोहोचते. जालना शहरात खोली भाड्याने पाहायला गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांचा अनुभव असा, की घरमालक प्रथम आडनाव विचारतो. त्यावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतो. तेवढ्यानेही भागले नाही तर तिसरा प्रश्न येतो, "गावात घर कुठल्या बाजूला?" या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर खरे दिले की खोली 'कालच दुसऱ्याला दिलेली' असते.

येथे कोणी म्हणेल, ही जातीचीच गोष्ट आहे, घराचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो शब्दांतही दिसतो. घरकुल आता केवळ आमच्याच लोकांना मिळते असे नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास आहे, आदिवासींसाठी शबरी आवास, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ पासून मोदी आवास, आणि सर्वच समाजांतील गरजूंसाठी प्रधानमंत्री आवास. गावातील एखाद्या शेतकऱ्याला याच पैशातून अनुदान मिळते आणि तो आपल्या जुन्या माळवदाच्या जागी नवी खोली काढतो. त्याच्याविषयी गाव म्हणते, 'त्यानं घर बांधलं.' आमच्या माणसाविषयी म्हणते, 'त्याला घरकुल मिळालं.' रक्कम एक, खाते एक, अभियंता एक. क्रियापद तेवढे बदलते.

सरकारी मदतीने घर होणे ही लाजेची गोष्ट असेल, तर ती लाज या देशात फार थोड्यांनाच चुकली असती. केंद्र शासनाने २०१७ ते मार्च २०२१ या काळात मध्यमवर्गीयांच्या गृहकर्जावर व्याजाचे अनुदान दिले. वर्षाला १२ ते १८ लाख रुपये उत्पन्न असलेल्या कुटुंबाला त्यातून २ लाख ३० हजार रुपयांपर्यंतचा लाभ मिळे आणि घर २०० चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंतचे असले तरी चाले. त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यातील रोजमजुरी करणाऱ्या बाईला घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये मिळत होते आणि तिचे घर होते २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे. दोन्ही योजनांचे नाव एकच, प्रधानमंत्री आवास. पहिल्या कुटुंबाची रक्कम बँकेत परस्पर जमा झाली, शेजाऱ्यालाही कळली नाही. त्यांना कोणी लाभार्थी म्हटले नाही. गृहकर्जाच्या व्याजावर आयकरात सूट घेणारे आमचे नोकरदार बांधवही (आम्ही स्वतः त्यांतच आलो) दरवर्षी मार्च महिन्यात ती सूट हिशोबाने मागून घेतात. त्यासाठी कोणी आमच्या दारावर पाटी लावत नाही.

म्हाडाचे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे. १९७७ साली स्थापन झालेल्या या मंडळाच्या सोडतीत घर लागले की माणूस पेढे वाटतो, 'म्हाडाची लॉटरी लागली' असे अभिमानाने सांगतो. छत्रपती संभाजीनगरात सिडकोत घर असणे ही आजही प्रतिष्ठेची बाब आहे. पोलीस लाइन, रेल्वे क्वार्टर, तहसीलदारांचे निवासस्थान ही सगळी सरकारी घरेच. जिल्हाधिकाऱ्यांचा बंगलाही सरकारी, आणि त्यात राहणाऱ्याकडे पाहून मुले आयएएस होण्याची स्वप्ने बघतात.

याहून बोलके उदाहरण आमच्या मराठवाड्याचेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. पाटील, देशमुख, वाणी, मातंग, बौद्ध, सगळ्यांनाच शासनाने आणि संस्थांनी बांधलेल्या घरांत जावे लागले. त्या गावांतील कोणाला 'घरकुलवाले' म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तेथेही जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली, म्हणजे घराच्या मापावरून पायरी कळावी अशी व्यवस्था झालीच, हा भाग अलाहिदा. परंतु सरकारी घर म्हणून कमीपणा कोणाला आला नाही, कारण ते सर्वांचे होते.

आता 'फुकटचे घर' या आरोपाविषयी. हा आरोप करणाऱ्यांनी एखादे घरकुल उभे राहताना पाहिलेले नसते, असे आमचे मत आहे. यादीत नाव येण्यासाठी कित्येक वर्षे वाट पाहावी लागते. नाव आल्यावर जागेचा नमुना नंबर आठ लागतो, आणि ज्याला स्वतःच्या नावाची जागाच नाही त्याचे घोडे तेथेच अडते. जागा खरेदीसाठी शासनाची वेगळी मदत आहे, पण गावात ५०० चौरस फूट जागा आम्हांला विकणार कोण, हा प्रश्न पैशाने सुटणारा नाही. जागा मिळालीच तर पाया झाल्यावर एक हप्ता, भिंती वर आल्यावर एक, छत झाल्यावर एक. प्रत्येक टप्प्याला लाभार्थ्याला घरासमोर उभे करून छायाचित्र काढतात. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे मिळतात. हे सगळे धरूनही आजच्या वाळू-सिमेंटच्या भावात स्लॅबचे घर पुरे होत नाही, हे कोणताही गवंडी सांगेल. उरलेली रक्कम कोठून येते?

आमच्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतील पालकांना याचे उत्तर सांगायला नको. ती उचलीतून येते. दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीचे ट्रक भरतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. एका कोयत्यावर मिळालेली उचल घराच्या स्लॅबवर खर्च होते आणि मग सहा महिने पहाटेच्या थंडीत ऊस तोडून ती फेडावी लागते. घर अर्धे राहिले तर पुढच्या हंगामाची उचल आताच घ्यावी लागते. आमच्या वसतिगृहात दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात जी नवी मुले येतात, त्यांतील पुष्कळांच्या घराला त्या वेळी कुलूप असते. घर नवे असते, रंगही दिलेला नसतो, आणि घरातील माणसे कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत राहत असतात. स्वतःच्या छताचे पैसे फेडण्यासाठी सहा महिने बिनछताचे राहणे, याला फुकट म्हणता येईल काय?

या श्रमातील बायकांचा वाटा तर कोणत्याच हिशोबात येत नाही. ज्यांनी घर बांधले आहे त्यांना ठाऊक आहे, की स्लॅब टाकल्यावर त्यावर मातीचे आळे करून दिवसेंदिवस पाणी धरून ठेवावे लागते, नाहीतर स्लॅबला तडे जातात. आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते. त्या दिवसांत हापशावर रांग लावून, डोक्यावर हंडे वाहून, शिडीने वर चढून ज्या आयांनी आपल्या घराच्या स्लॅबला पाणी पाजले, त्यांच्या मुलांना ते घर सरकारने दिलेले वाटावे, ही गोष्ट आम्हांला खोडलेल्या पत्त्याहून अधिक खटकते.

घरकुलांच्या व्यवहारात खोट नाही असे आमचे म्हणणे नाही. यादीत नाव घालण्यासाठी पैसे मागितले जातात. पक्के घर आणि ट्रॅक्टर असलेल्याचे नाव वर आणि विधवेचे खाली, असे प्रकार घडतात. ग्रामसभा न होताच ठराव लिहिला जातो. आपल्याच समाजातील पुढाऱ्यांनी आपल्याच माणसांकडून टक्केवारी घेतल्याच्या तक्रारी आम्ही ऐकल्या आहेत आणि त्या खोट्या होत्या असे आम्हांला म्हणता आलेले नाही. परंतु या खोटीचा डाग ज्याने पैसे खाल्ले त्याच्या अंगावर पडावयास हवा. तो पडतो ज्याने मुकाट्याने पैसे दिले आणि घर पुरे केले त्याच्या अंगावर.

घरकुलाच्या भिंतीवर योजनेचे नाव, लाभार्थ्याचे नाव, मंजुरीचे वर्ष आणि रक्कम रंगवलेली असते. उद्देश चांगला असेल. एकाच्या नावावर दुसऱ्याने पैसे उचलू नयेत म्हणून ही तजवीज केली गेली असेल. पण त्या भिंतीमागे वाढणाऱ्या मुलीच्या दृष्टीने पाहावे. तिला पाहायला पाहुणे येतात तेव्हा दारातच त्यांना तिच्या बापाच्या गरिबीचा आकडा वाचायला मिळतो. केरळ राज्याने २०२४ मध्ये असा फलक घरांवर लावण्यास नकार दिला. त्यामागे केंद्र-राज्य वाद होता, निधीत वाटा कोणाचा किती याचा हिशोबही होता. पण लाभार्थ्याच्या आत्मसन्मानाला यामुळे बाधा येते, हे कारण त्यांनी उघडपणे मांडले. आमच्या राज्यातही हा प्रश्न कोणीतरी विचारावा. नोंद ठेवायची तर ती पंचायतीच्या दप्तरात ठेवता येते, भ्रमणध्वनीवरून काढलेल्या छायाचित्रात तर ती ठेवलेलीच असते.

भिंतीवरच्या अक्षरांचा दुसराही प्रकार जगात आहे. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे पहिल्या महायुद्धानंतर नगरपालिकेने कामगारांसाठी मोठमोठ्या वसाहती उभारल्या. त्यांतील कार्ल मार्क्स होफ ही एक किलोमीटरहून अधिक लांबीची इमारत १९३० साली खुली झाली. या इमारतींच्या दर्शनी भिंतींवर त्या व्हिएन्ना नगरपालिकेने अमुक वर्षी बांधल्या, असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे. आज त्या शहरातील जवळपास निम्मी माणसे नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. त्यांत शिक्षक असतात, ट्राम चालविणारे असतात, डॉक्टरही असतात. त्यामुळे भिंतीवरची अक्षरे वाचून आतला माणूस कोण आहे हे बाहेरच्याला ओळखता येत नाही. आमच्याकडे ती अक्षरे वाचण्याचीही गरज पडत नाही. वस्ती कोणत्या बाजूला आहे एवढे कळले की पुरते.

आमच्या मते या प्रश्नाचे मर्म तेथे आहे. गावकुसाबाहेरचा वाडा जुना झाला, पडला, म्हणून शासनाने नवी घरे दिली. ती दिली गावकुसाबाहेरच, कधी त्याच जागी, कधी त्याहून दूर गायरानाच्या कडेला. विटा नव्या आल्या, पण जागा तीच राहिली. ११ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत असा निर्णय काढला. तो योग्यच होता आणि त्याचे आम्ही स्वागत केले. मात्र नाव बदलल्यावर गावाच्या तोंडी जुने नाव काही काळ लटकत राहिले आणि नंतर जे बसले ते भीमनगर नव्हे, घरकुल. कायद्याला आक्षेप घेता येणार नाही असा हा शब्द आहे. जात उच्चारायची नाही आणि जात सांगायची तर आहे, अशा वेळी तो फार सोयीचा पडतो.

आमच्या माजी विद्यार्थ्यांनी हा शब्द आपल्या पत्त्यातून खोडला, तो याचसाठी. त्यांना दोष देणे सोपे आहे. बाबुराव बागुलांनी आपल्या एका कथेला 'जेव्हा मी जात चोरली होती' हे नाव दिले, त्याला साठ वर्षे होऊन गेली. त्या कथेतही प्रश्न परगावी राहायला जागा मिळण्याचा होता. आज जात चोरावी लागत नाही असे आपण सभांतून म्हणतो. पत्ता चोरावा लागतो, हे आमच्या टेबलावरील अर्जांनी दाखविले.

पण बाहेरच्यांना बोलून झाले की आपल्याकडेही पाहिले पाहिजे. मुलीसाठी स्थळ पाहताना 'मुलगा चांगला आहे हो, पण घरकुलात राहतात' हे वाक्य आम्ही आपल्याच घरांतून ऐकले आहे. जालन्यात किंवा संभाजीनगरात प्लॉट घेऊन घर बांधलेला भाऊ गावी घरकुलात राहणाऱ्या भावाकडे दिवाळीला मुलांना पाठवीत नाही. बुद्धजयंतीला वस्तीत येतो, सभेत भाषण करतो आणि मुक्काम तालुक्याच्या लॉजवर करतो. आमच्या एका ज्येष्ठ माजी विद्यार्थ्याने तर असा विचार मांडला, की आपल्या लोकांनी घरकुल घेऊच नये, त्याने हात पसरण्याची सवय लागते आणि स्वाभिमान जातो. त्यांच्या सचोटीविषयी आम्हांला आदर आहे. पण हे बोलणे ज्याला दुसरे छप्पर आहे त्यालाच परवडते. काडीपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत कर तर घरकुलातील माणूसही भरतो. त्याने स्वतःच्या वाट्याचे मागून घेतले तर तो हात पसरणे कसे?

या संदर्भात बाबासाहेबांच्या चरित्रातील दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत असे आम्हांला वाटते. १९१७ साली ते परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीसाठी गेले. राहायला जागा मिळेना म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून त्यांना उतरावे लागले. जात कळली तेव्हा अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मित्रांच्या घरीही आसरा मिळाला नाही, आणि मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास त्यांनी सार्वजनिक बागेत बसून काढले. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली असल्याने आपल्याला ठाऊक आहे. पण त्या रात्रीच्या गाडीने ते जेथे परतले ते घर कोणते होते, याचा आपण क्वचितच विचार करतो. ते मुंबईत परळला, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होते. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबई सुधारण्यासाठी १८९८ साली सरकारने हा ट्रस्ट स्थापन केला आणि मजुरांसाठी चाळी बांधल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर तेही घरकुलच. दोन लहान खोल्या, समोर सामाईक गॅलरी. तेथे बाबासाहेबांनी पुढील अनेक वर्षे वास्तव्य केले, अभ्यास केला, चळवळीची माणसे तेथेच भेटायला येत. ज्या रमाईंच्या नावाने आज आमची घरकुल योजना आहे, त्यांच्या संसाराचा बहुतेक काळ त्याच खोल्यांत गेला. दादरचे राजगृह नंतर उभे राहिले, आणि २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. राजगृह त्यांच्या वाट्याला फार थोडे आले. बडोद्याच्या खाजगी जागांनी जात विचारली आणि दार लावले. परळच्या सरकारी चाळीचे दार उघडे राहिले. आपण राजगृहाचे चित्र भिंतीवर लावतो. परळच्या चाळीचे चित्र घरी लावलेला माणूस आम्हांला अजून भेटायचा आहे.

एक प्रसंग सांगून हे लेखन थांबवितो. नामावलीचे अर्ज गोळा करण्यासाठी आम्ही परतूर तालुक्यातील एका वस्तीत गेलो होतो. एका माजी विद्यार्थिनीच्या आजी दारात बसल्या होत्या. वय ऐंशीच्या आसपास. घराचा रंग उडालेला, भिंतीवरची योजनेची अक्षरे अर्धी पुसलेली. आम्ही सहज म्हणालो, "आजी, घर आता जुनं झालं." त्या म्हणाल्या, "झालं तर झालं, सर. पर ह्या घराला काडी लागत नाही बघा."

आम्हांला त्याचा अर्थ कळायला क्षणभर लागला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील गावोगावी आपल्या लोकांची घरे पेटविण्यात आली. ती घरे कुडाची होती, छपरे पाचटाची आणि गवताची होती. आजींचे सासर त्या वेळी दुसऱ्या गावी होते. काय जळाले ते त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. विटा आणि स्लॅब यांचा त्यांना एवढाच उपयोग ठाऊक होता आणि तो पुरेसा होता. त्यांच्या नातीने अर्जातील शेवटच्या रकान्यात पूर्ण पत्ता लिहिला आहे: घराचा क्रमांक, घरकुल वसाहत, गाव, तालुका, जिल्हा. ती परिचारिका आहे, पुण्यात असते.

नामावलीत ज्यांनी वस्तीचे नाव लिहिलेले नाही, त्यांच्या पत्त्यात आम्ही ते आमच्या मनाने घातलेले नाही. ज्याने लिहून खोडले, त्याचेही खोडल्याप्रमाणेच छापले आहे. तो त्याचा अधिकार आहे. पुढील वर्षी पुरवणी यादी काढण्याचे संपादक मंडळाने ठरविले आहे. ज्यांना आपला पत्ता दुरुस्त करावयाचा किंवा पूर्ण करावयाचा असेल, त्यांनी शाळेच्या कार्यालयात कळवावे.